दार धरायच्या स्टँडचा जबडा पूर्ण मिटत नाही, बदलून द्या

नमस्कार,

साहेब किंवा मॅडम, जे कोणी हे वाचत असाल त्यांनी कृपा करून पूर्ण वाचा, कारण चॅटवर तीनदा आणि फोनवर दोनदा सांगून झालंय आणि दर वेळेला नवीनच माणूस येतो आणि पहिल्यापासून विचारतो. म्हणून आता सगळं एकाच ठिकाणी लिहायलो.

मी लातूरचा, सुतारकाम करतो, त्यातही जास्त दारं. बावीस वर्षं झाली. ऑगस्टमध्ये तुमच्याकडून दार उभं धरायच्या स्टँडची जोडी मागवली, ४,८५० रुपये, बिल सोबत आहे. दार लांब कडेवर उभं ठेवलं की त्याच्याच वजनानं खालची पट्टी दबते आणि दोन्हीकडचे रबरवाले जबडे आत येऊन दार आवळतात, स्क्रू फिरवायचं कामच नाही. ही कल्पना मला आवडली म्हणूनच घेतले. आमचे वडील असाच स्टँड लाकडाचा करायचे, लवचिक फळी, खाली दोन टोकांना ठोकळे आणि वर दोन गुटके, दार ठेवलं की फळी मधी वाकायची आणि गुटके दाराला धरायचे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडं घरं उभी राहायलती तेव्हा त्यांनी कितीतरी दारं असल्याच फळीवर तासली. ती फळी कधी दार सोडायची नाही. म्हणून तुमचा लोखंडी स्टँड असं करील हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

झालं असं की औसा रोडला एका घराचं काम चालू होतं, दसऱ्याला वास्तुशांती. बेडरूमची दारं ३५ एमएमची, ती चार दारं स्टँडवर झाली, रंधा मारला, बिजागऱ्यांच्या खाचा पाडल्या, लॉकचं घर कोरलं, काही अडचण आली नाही. मग बाथरूमची घेतली. ती ३० एमएमची, सात फूट बाय अडीच फूट, दोन्हीकडून लॅमिनेट मारलेली. पहिलंच दार ठेवलं तर एका बाजूला थोडं हललं, मला वाटलं रबर नवीन आहे, बसेल. राऊटर, म्हणजे खाचा पाडायचं मशीन, लावला आणि दुसऱ्या बिजागरीच्या खाचेवर गेलो की दार एकदम पलीकडं कललं. माझ्या पुतण्यानं हात घातला म्हणून सरळ पडलं नाही, पण खालचा कोपरा टाईलवर आपटला आणि लॅमिनेटचा बोटाएवढा टवका उडाला. राऊटर चालू होता साहेब. तीस किलोच्या आसपासचं दार आणि तिथंच फिरणारा कटर, पोराचा हात चार इंच इकडं असता तर मी आज हे पत्र लिहीत नसतो, दवाखान्यात बसलो असतो. त्या दिवशी त्याला परत कामाला हात लावू दिला नाही मी.

संध्याकाळी दोन्ही स्टँड उलटे करून मोबाईलच्या टॉर्चनं बघितले. एकाच्या जबड्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, वेल्डिंगची गाठ राहिलीय, ज्वारीच्या दाण्याएवढी. जबडा मिटताना ती गाठ खालच्या प्लेटला टेकते आणि जबडा तिथंच थांबतो. प्लेटवर तेवढ्याच जागी रंग घासून लोखंड चकाकतंय, फोटो जवळून काढलाय, बघा. व्हर्निअर लावून मोजलं, तो जबडा ३३ एमएमच्या खाली येतच नाही. दुसऱ्या स्टँडची तीच जागा ग्राइंड करून साफ केलेली आहे आणि तो २४ पर्यंत मिटतो. खोक्यावर तुम्ही छापलंय २५ ते ५० एमएम. म्हणजे ३५ चं दार दोन्हीकडं धरलं आणि ३० चं एकाच टोकाला धरलं, दुसरं टोक नुसतं टेकलेलं होतं. आता यात माझी काय चूक?

तुमच्याकडून उत्तर आलं की जमीन समतल नव्हती आणि दार स्टँडला झेपेल त्यापेक्षा जड असेल. जमीन टाईलची होती, पाणसळ ठेवून काढलेला फोटो मी पहिल्याच दिवशी पाठवलाय, तो कोणी उघडून तरी बघितला का? आणि वजनाचं म्हणाल तर खोक्यावर ८० किलो लिहिलंय. घरोघरी बाथरूमला ३० एमएमचंच दार बसतं, हे काही मी जगावेगळं काम काढलं नव्हतं.

ती गाठ ग्राइंडरनं काढायला मला दोन मिनिटं लागतील. पण तुमचाच माणूस फोनवर म्हणाला की ग्राइंडर लावला की वॉरंटी संपली. मग स्टँड तसाच पडून आहे आणि उरलेली दारं मी दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकून, फडकी गुंडाळून, पलटी मारून मारून केली, त्यात दीड दिवस जास्त गेला. आणि आता म्हणायलेत की स्टँड गोडाऊनला स्वतःच्या खर्चानं कुरिअर करा, रिटर्नचे सात दिवस संपले म्हणून. दोष बनवण्यातला असताना खर्च मी का करावा?

मला दुसरं काही नको. तो एक स्टँड बदलून द्या आणि नेआण तुमच्या खर्चानं करा. खराब झालेल्या दाराचे ३,२०० रुपये मी मालकाला माझ्या खिशातून दिलेत, त्याची पावती जोडलीय, ते भरून द्या. आणि त्याच लॉटमधले बाकीचे स्टँड पलटून बघा, कारण दुसरा कोणी सुतार हे मोजत बसणार नाही, तो विश्वासानं दार ठेवील आणि राऊटर लावील. माझ्यासाठी हीच गोष्ट सगळ्यात मोठी आहे, पैशापेक्षा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एक महिन्याच्या आत द्यायचा असतो. माझी पहिली तक्रार १४ सप्टेंबरची आहे. महिना भरला की १९१५ या ग्राहक हेल्पलाईनच्या नंबरवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडली तर लातूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यात केस करता येते आणि पाच लाखांच्या आतल्या मालाला फी पण लागत नाही. तिथपर्यंत जायची माझी इच्छा नाही, रोजचं काम सोडून चकरा मारणं मला परवडत नाही.

स्टँड खोक्यात घालून दुकानात ठेवलाय, गाठीला हात लावलेला नाही, तुमच्या माणसाला जसाच्या तसा बघायला मिळेल. पिकअपला पाठवायच्या आधी फोन करा, दिवसा मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, संध्याकाळी सातनंतर केला तर नक्की उचलीन.

आपला ग्राहक,
लातूर