सतरा सप्टेंबर म्हणजे फक्त पाच दिवसांची पोलीस ॲक्शन नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की झेंडावंदन, भाषणं, पुरवण्या सगळं होतं आणि त्यात बहुतेक मजकूर पोलीस ॲक्शनचाच असतो, 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात घुसल्या, 17 ला निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली, सरदार पटेल, जनरल चौधरी, संपलं. यातलं काहीच खोटं नाही. पण लोक का उठले होते हे कुणी सांगतच नाही. निजामाचं आसफजाही घराणं 1724 पासून गादीवर होतं, तरी खेड्यातला कुळवाडी शेवटच्या दहा वर्षांतच का उठला, त्याआधी का नाही, हे माझ्या मते खरं विचारायला पाहिजे.

आधी जमिनीचं बघा. साधारण 60 टक्के जमीन सरकारी महसुलाखाली म्हणजे दिवाणी, 30 टक्क्यांच्या आसपास जहागिरदारांकडं, आणि उरलेली दहाएक टक्के सर्फेखास म्हणजे खुद्द निजामाची खाजगी. त्या जमिनीचं उत्पन्न राज्याच्या तिजोरीत जायचंच नाही, सरळ निजामाच्या घरात. 1937 साली अमेरिकेच्या टाइम मासिकानं याच मीर उस्मान अली खानला जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं आणि त्याच्या राज्यात शंभरातल्या नव्वदाहून जास्त लोकांना लिहिता वाचता येत नव्हतं. जहागिरीत राहणाऱ्या रयतेचे तर आणखी हाल, सारा जहागिरदार ठरवणार, वसूल त्याचीच माणसं करणार. आणि दिवाणी गावात तरी सुख होतं का, तर तिथं देशमुख, पाटील, पटवारी. कागद त्यांच्या हातात म्हणजे जमीन त्यांच्या हातात.

शिवाय सक्तीचं फुकट काम, तेलंगणात त्याला वेट्टी म्हणायचे, आपल्याकडं वेठबिगार. देशमुखाच्या गढीवर फुकट राबायचं, धोब्यानं फुकट कपडे धुवायचे, कुंभारानं फुकट मडकी द्यायची, साहेब दौऱ्यावर आले की त्यांचं सामान डोक्यावरून पुढच्या गावापर्यंत न्यायचं.

पण हे सगळं आधीपासून होतं ना. मग काय बदललं? मला वाटतं दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे महायुद्धाच्या काळातली लेव्ही. सरकारनं धान्य सक्तीनं घ्यायला सुरुवात केली, पिकलं किती ते न बघता, आणि ज्याच्याकडं दोन एकर आहे त्याच्या घरातली बियाण्याची ज्वारी सुद्धा उचलली जायची पण देशमुखाचं धान्याचं पेव मात्र पटवाऱ्याच्या कागदावर रिकामंच असायचं. गरिबी माणूस वर्षानुवर्षं सोसतो, नशीब म्हणतो, देवाची मर्जी म्हणतो. पण आपल्या पोराच्या तोंडचं नेताना शेजारच्या वाड्याला कुणी हात लावत नाही हे उघड्या डोळ्यांनी दिसलं की मग नशीब वगैरे काही उरत नाही.

दुसरं म्हणजे सगळी सरळ दारं बंद केली. सभा घ्यायची तर गश्ती निशान 53 या सरकारी फर्मानाखाली परवानगी, खाजगी शाळा, आखाडा काढायचा तर वेगळी परवानगी. उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू आणि घरी बोलायला मराठी, तेलुगू, कानडी. 1937 ला परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं तेव्हा त्या लोकांनी निजामाला हटवा असं म्हटलेलंही नव्हतं हो, मागणी एवढीच की गादी राहू द्या पण लोकांना जबाबदार राज्यपद्धती द्या. संघटना स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली! त्याच वर्षी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानियातल्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं, त्यांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं, पुढं पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यातलेच. अर्ज करणाऱ्याला, गाणं म्हणणाऱ्याला सुद्धा जागा ठेवली नाही तर तो दुसरं काय करणार?

आणि मग जे उठले ते कोण होते बघा. तेलंगणातल्या पालकुर्तीची ऐलम्मा, जातीनं धोबीण, कसायला घेतलेल्या चार एकरांतलं पीक विसनूरचा देशमुख उचलायला निघाला तर संघमच्या म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटनेच्या लोकांना घेऊन ती उभी राहिली आणि पीक घरात आणलं. 4 जुलै 1946 ला कडवेंडीत दोड्डी कोमरय्या हा मेंढपाळ समाजातला तरुण त्याच देशमुखाच्या माणसांच्या गोळीनं गेला आणि त्यानंतर नलगोंडा, वरंगळची शेकडो खेडी पेटली. इकडं मराठवाड्यात स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्या चळवळीत 7 ऑगस्ट 1947 पासून लोकांनी लेव्ही नाकारली, शिंदीची झाडं तोडली कारण शिंदीचा पैसा निजामाच्या तिजोरीत जायचा, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके उद्ध्वस्त केले, आणि 30 जानेवारी 1948 ला उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्याला दिला. धान्य, शिंदी, नाका, बँक, म्हणजे राज्य ज्या ज्या वाटेनं आपल्या घरातून पैसा ओढत होतं नेमक्या त्याच वाटा लोकांनी तोडल्या. हे कुणी शिकवलं नव्हतं त्यांना, रोजचा अनुभव होता.

आता एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे कारण दरवर्षी ती मुद्दाम चुकीची सांगितली जाते. हा हिंदू विरुद्ध मुसलमान असा लढा नव्हता. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, खेड्यापाड्यात काय अत्याचार केले ते आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात, ते पुसायचं कारणच नाही. पण विसनूरचा देशमुख रामचंद्र रेड्डी हिंदूच होता आणि असे कितीतरी देशमुख निजामाच्या सावलीत सुखी होते. उलट इमरोज या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असं लिहीत राहिले म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांना रस्त्यात गाठून मारलं, हात तोडला. तुम्ही संपादक आहात, निदान तुमच्या पुरवणीत तरी त्यांचा फोटो पाहिजे असं मला वाटतं. आणि पोलीस ॲक्शननंतर जो सूड घेतला गेला त्यात मेले कोण, तर जहागिरदार नव्हेत, बहुतेक साधे गरीब मुसलमान. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं कमीत कमी 27 ते 40 हजारांचा अंदाज दिला होता, सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कितीतरी वर्षं लोकांसमोर आलाच नाही.

आणि निजामाचं काय झालं? 1949 ला जहागिरी रद्द झाल्या ही मोठीच गोष्ट, पण जहागिरदारांना भरपाई मिळाली, निजामाला वर्षाला 50 लाख तनखा आणि 1950 ते 1956 राजप्रमुखपद, म्हणजे राज्यपालासारखं पद. कसणाऱ्याला जमीन मात्र सुटली नाही, तेलंगणात शेतकऱ्यांचा लढा भारतीय फौजेशी 1951 पर्यंत चालू राहिला. त्याच नलगोंडा जिल्ह्यात एप्रिल 1951 मध्ये आपले विनोबा पोचमपल्लीला गेले तेव्हा तिथल्या दलित कुटुंबांनी 80 एकर मागितले, एका जमीनदारानं 100 दिले आणि भूदान सुरू झालं. म्हणजे राजा जाऊन तीन वर्षं होत आली तरी मागणी जमिनीचीच होती.

म्हणून विनंती अशी की यंदाच्या पुरवणीत नेत्यांच्या फोटोंच्या जोडीला लेव्ही, वेठ, सर्फेखास, करोडगिरी यावर एक पान तरी द्या. त्या काळात दहा बारा वर्षांची असलेली माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत, थोडीच उरलीत. ज्यांनी तुरुंग भोगला त्यांना सन्मानपत्र, पेन्शन मिळाली, पण ज्या बायांनी रात्री भूमिगतांना भाकरी पोचवल्या, ज्यांनी नुसती लेव्ही द्यायला नाही म्हटलं, त्यांची नोंद कुठल्याच कागदावर नाही. तुमचे तालुक्याचे वार्ताहर गावोगाव जातातच, त्यांना सांगून यंदा अशा माणसांकडून लिहून घ्या, नावागावासकट.

आपला,
नांदेड जिल्ह्यातला एक वाचक