बाबा, खरे वजन सांगा

पुणे, १२ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

शस्त्रक्रियेआधीच्या शनिवारच्या तपासणीपासून बाबा फारसे बोलत नाहीत, असे आईने फोनवर सांगितले. बाबा, आजार आतड्याचा असताना तुम्हाला खुर्चीतून उठवून तीन मीटर चालवले, कागदावर घड्याळाचे चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला लावली, मूठ आवळायला सांगितली. याचा तुम्हाला अपमान वाटला, हे मी समजू शकते. पण डॉक्टरांना तुमचे वय मोजायचे नव्हते. शहात्तर वर्षांची दोन माणसे सारखी नसतात. मोठ्या शस्त्रक्रियेचा ताण सोसून पुन्हा उभे राहण्यासाठी शरीरात किती गंगाजळी उरली आहे, एवढेच त्यांना पाहायचे होते.

खरे सांगायचे तर, ती तपासणी अपुरी राहिली ती आपल्यामुळे. वजन उतरले का, या प्रश्नाला तुम्ही ‘नाही’ म्हणालात. दिवाळीत दाराच्या खुंटीवर तुमचा पट्टा मी पाहिला होता. खिळ्याने पाडलेली दोन नवी भोके, कडा अजून पांढऱ्या. पोळ्याच्या सुमारास न्हाणीघरात पडलात, तेही सांगितले नाही. अंबाझरी तलावाला रोज फेरी मारणारे तुम्ही आता धरमपेठेच्या कोपऱ्यावरूनच परतता. आई, ‘आपले सगळे हे स्वतःच करतात’ असे तू म्हणालीस, पण लोणच्याच्या बरणीचे झाकण तूच उघडून देतेस. मी शेजारी बसले होते आणि मीही गप्प राहिले, याची मला फार टोचणी लागली आहे.

वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलोहून अधिक वजन घटणे, चाल मंदावणे, पकड सैल होणे, सतत थकवा येणे, हालचाल कमी होणे, यांपैकी तीन गोष्टी आढळल्या तर डॉक्टर त्याला दुर्बलता म्हणतात. ती कळली म्हणजे शस्त्रक्रिया नाकारतातच असे नाही. कधी बेत बदलतो, हे मी लपवत नाही. पण बहुधा आधीचे दोन-तीन आठवडे तयारीला मिळतात: जेवणात डाळ, दही, अंडी वाढवायची, खुर्चीतून उठ-बस करायची, तीन छोट्या चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम करायचा. झोपेची गोळी मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. अशा गोळ्यांमुळे भूल उतरल्यावर वयस्क रुग्णाला भ्रम होण्याचा धोका वाढतो, आणि तो आधीच माहीत असला तर परिचारिका लक्ष ठेवू शकतात. न सांगितलेल्या दुखण्याची तयारी कोणालाच करता येत नाही, बाबा.

गुरुवारी पुन्हा जायचे आहे. गेल्या वर्षीच्या तपासणीचा वजन लिहिलेला कागद कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे. तो, सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि तो पट्टा पिशवीत घालून ठेव, आई. मी बुधवारी रात्रीच्या गाडीने निघते आणि सकाळी थेट घरी येते. या वेळी पडल्याची गोष्ट बाबांनी स्वतः सांगावी, मी फक्त शेजारी बसेन.

तुमची लेक