‘मावशी, हरीण धरतंय का?’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत देशी कुत्र्यांवर लेख आला होता. मुधोळ, कारवान, पश्मी यांच्याबद्दल मराठीत कुणी एवढं जीव लावून लिहितं, याचा आनंद झाला. पण त्यात कारवानी कुत्र्याबद्दल ठळक अक्षरांत एक ओळ होती: वास काढत जाऊन धावत्या काळविटाला लोळवणारा. ही ओळ चुकीची आहे, आणि आमच्या भागात तर ती धोक्याची आहे.

लेख छापून आला त्याच आठवड्यात दोन तरुण मोटारसायकलवरून माझ्या वस्तीवर आले. त्यांना पिल्लू हवं होतं. आईबापाची चौकशी नाही, लस टोचली का हेही नाही. पहिलाच प्रश्न, ‘मावशी, हरीण धरतंय का?’ एकाच्या हातात तुमच्या लेखाचं कात्रण होतं. मी पिल्लू दिलं नाही.

मी करमाळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. आमच्या घरात तीन पिढ्या कारवानी कुत्री आहेत. आजोबांनी पहिली जोडी मेंढपाळांकडून एका शेळीच्या बदल्यात आणली होती. त्यामुळं या कुत्र्याला काय जमतं आणि काय जमत नाही, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे.

हा कुत्रा डोळ्यानं शिकार करतो. डोकं लांबट, अरुंद आणि डोळे बाजूला, त्यामुळं मान न वळवता त्याला साधारण 270 अंशांचं रान दिसतं. पण त्याची नजर हलत्या वस्तूवर बसते. हरभऱ्यात दूरवर सशानं कान हलवला की आमची राणी ओट्यावर ताठ उभी राहते, आणि पायाशी पडलेला भाकरीचा तुकडा मात्र तिला बोटानं दाखवावा लागतो. हरणीनं गवतात दडवलेलं पाडस निपचित पडून राहिलं तर हा कुत्रा बऱ्याचदा शेजारून निघून जातो.

त्याचं पळणं हा बघण्याचा सोहळा आहे. एकाच झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात. एकदा पोटाखाली गोळा झालेले असतात, एकदा पुढंमागं ताणलेले. घोड्याचे चारही पाय एका झेपेत एकदाच सुटतात. कुत्र्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, छाती खोल, काळीज मोठं, अंगावर चरबी नाही. शर्यतीचा विलायती ग्रेहाउंड काहीशे मीटर ताशी 65 ते 70 किलोमीटरनं पळतो. कारवानी त्याच्यापेक्षा थोडा मंद पण दमाला पक्का, असं माझे वडील म्हणत.

आता काळवीट घ्या. ताशी 80 किलोमीटरच्या आसपास त्याचा वेग जातो. कुत्रा सुटला की तो आधी दोनचार चौकड्या मारतो आणि मग सपाट धावायला लागतो. सुक्या माळावर, उजेडात, धडधाकट काळविटाला एकट्या कारवानी कुत्र्यानं गाठलेलं मी कधी पाहिलं नाही, वडिलांनीही पाहिलं नव्हतं. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी काळविटांवर चित्ते सोडत. चित्ता तर कुत्र्याहून कितीतरी वेगवान. तरी त्याला डोळे झाकून बैलगाडीतून कळपाच्या जवळ न्यावं लागे, कारण त्याची धाव काहीशे मीटरांत संपते. तुमच्या लेखात स्कॉटलंडच्या डिअरहाउंडचा दाखला होता. तो कुत्रा जोडीनं लाल हरणावर सोडत, तेही दबा धरत जवळ नेऊन. ते हरीण वजनदार, रान डोंगराळ. लांब पल्ल्याच्या बंदुका आल्यावर ती पद्धतही मागं पडली. आपलं काळवीट तीस-चाळीस किलोचं आणि रान सपाट. तो दाखला इथं लागू पडत नाही.

मग लोक हरीण धरल्याचं सांगतात ते खोटं का? खोटं नाही. 1970 च्या भाद्रपदात मी आठ वर्षांची होते. रब्बीसाठी मोकळं ठेवलेलं काळं रान दोन दिवसांच्या पावसानं लोण्यासारखं झालं होतं. वडिलांनी हिरा आणि मोती सोडले. हरणांची टोकदार खुरं त्या मातीत घोट्यापर्यंत रुतत होती, कुत्र्यांचे पंजे पसरट, ते वरच्या वर निघत. हिरा सरळ मागं लागला. कळप वळायला लागला तसा मोतीनं आतून आडवं कापलं. मागं राहिलेली हरीण सापडली. ती गाभण होती. वडील तिथंच चिखलात बसले, आणि त्यानंतर त्यांनी हरणावर कुत्रा सोडला नाही. दोन वर्षांनी, दुष्काळाच्या त्या 1972 साली, वन्यजीव संरक्षण कायदा आला. तोवर आमच्या घरचा कायदा होऊन गेला होता.

या कुत्र्याच्या वाट्याला हरीण येतं ते असं. चिखलात रुतलेलं, गाभण, जखमी, पाडस. आणि आता त्यात भर पडली आहे ती गाड्यांची. रात्री जीपवर सर्चलाइट लावायचा, हरणाचे डोळे दिपवायचे, गाडीनं दमवायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरला कुत्रा सोडायचा. व्हिडिओत तेवढे दोनशे मीटर दिसतात. त्यात कुत्र्याचं कसब कुठं आहे?

त्या पोरांना कायदाही ठाऊक नव्हता. काळवीट आणि चिंकारा दोन्ही कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. किमान तीन वर्षं कैद, जास्तीत जास्त सात, शिवाय किमान 25,000 रुपये दंड. गाडी जप्त होते ती वेगळीच. मुख्य म्हणजे कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत नुसता पाठलाग आणि तसा प्रयत्नही येतो. ‘धरलं नाही, फक्त पळवलं’ ही पळवाट तिथं नाही. शिवाय पळवलेलं हरीण सुटलं तरी वाचतंच असं नाही. अती धावण्यानं आणि भीतीनं त्याचे स्नायू आतून मोडतात, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी ते कुठंतरी बांधावर मरून पडतं.

तेच कुत्र्याचं होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी शेजारच्या गावातून एक कारवानी माझ्याकडं आणला, रात्रभर हरणामागं पळवलेला. जीभ जांभळी, मागचे पाय लाकडासारखे ताठ, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. ओली पोती टाकली, डॉक्टर आले, सलाइन लावलं. दुपारी चारला गेला. तीन वर्षांचं जनावर होतं.

आणखी एक बोलायचं आहे. माळावर हरणाची कातडी सापडली की संशय आधी पारध्यांच्या पालावर जातो. फासेपारध्यांची जुनी शिकार फाशाची, नावातच आहे ते. सर्चलाइटची जीप पालावर नसते. चौकशी करणाऱ्यांनी चाकांच्या खुणा बघाव्यात.

हरणं ज्वारी-हरभरा खातात हे मला कुणी सांगायला नको, माझंही रान आहे. त्यासाठी वनखात्याकडं पंचनामा करून भरपाई मागता येते. पैसे उशिरा येतात, हेलपाटे पडतात, त्याबद्दल जरूर भांडू. कर्जत शेजारीच आहे, तिथल्या रेहेकुरीचं अभयारण्य 1980 सालचं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जागेत कळप कसा मावेल? तो बाहेर येणारच.

कुत्र्याला पळायला तर हवं. आम्ही टायर काढलेली जुनी लूना स्टँडवर लावतो, मागच्या रिमवर नायलॉनची लांब दोरी गुंडाळतो आणि टोकाला पांढरी पिशवी बांधतो. मुलगा गाडी चालू करतो, पिशवी ढेकळांवरून सशासारखी उड्या मारत सुटते, आणि राणी तिच्यामागं. तीच झेप, तेच आडवं कापणं, तेच डोळे. दोन फेऱ्या झाल्या की पाणी आणि सावली.

तेव्हा त्या ओळीची दुरुस्ती कृपया छापावी, लेख छापला त्याच जागी आणि तेवढ्याच अक्षरांत. पिल्लं विकणाऱ्यांनीही जाहिरातीतून हरीण काढून टाकावं. आणि तुमच्या छायाचित्रकाराला आमच्या वस्तीवर जरूर पाठवा. फक्त पहाटे सहाच्या आत यायला सांगा, ऊन चढल्यावर मी कुत्री सोडत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. करमाळा, जि. सोलापूर