मी सायकल अगदी कडेने का चालवत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरला राजेंद्र नगरमध्ये राहते आणि पलासियाजवळ एका ऑफिसात अकाउंट्स बघते. गेली चार वर्षं सायकलनेच जाते-येते, फारच पाऊस असला तर सिटी बस. मंगळवारी सकाळी भंवरकुआ सोडून नवलखाकडे निघाले होते तर मागून एक मोठी गाडी सारखा हॉर्न मारत आली, बाजूला आल्यावर काच खाली झाली आणि चालवणारे गृहस्थ म्हणाले, "ओ मैडम, साइड में चलो ना, पूरी रोड घेर रखी है." शेजारी त्यांची बायको होती, मागे शाळेचा ड्रेस घातलेली मुलगी. आणि मग त्यांनी गाडी इतकी खेटून काढली की त्यांचा आरसा माझ्या कोपराला घासत गेला. पुढच्या सिग्नलला ते उभे होते आणि मी त्यांच्या मागेच जाऊन पोचले. खूप वाटलं की पुढे जाऊन दोन शब्द नीट बोलावं, पण तेवढ्यात सिग्नल सुटला. जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितेय, कारण तसं म्हणणारे ते एकटे नाहीत, आठवड्यातून दोन-तीनदा तरी मला हे ऐकावं लागतं.

तुम्ही म्हणता साइडने चला. त्या साइडला काय असतं ते गाडीतून दिसत नाही. पाण्याच्या चेंबरची जाळी असते, तिच्या सळ्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असल्या की चाक बरोब्बर आत जातं. रेती असते, चाक वळवलं की सरकतंच. फळांचे ठेले असतात, ई-रिक्शा कुठेही थांबते, आणि समोरून रॉंग साइडने कोणी ना कोणी येतच असतं, बहुतेक वेळा दुधाच्या कॅन्स लटकवलेली बाइक, तिला वळायला जागाच नसते. हे सगळं एकवेळ सांभाळता येतं. सगळ्यात वाईट म्हणजे उभ्या केलेल्या गाड्यांची ओळ.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी अशाच एका ओळीच्या अगदी जवळून जात होते, कारण तेव्हा मीही कोणी ओरडलं की निमूटपणे कडेला व्हायचे. एका पांढऱ्या गाडीचं ड्रायव्हरचं दार उघडलं. ब्रेक दाबायला वेळच नव्हता. मला अजून दाराची ती कड डोळ्यासमोर दिसते, काळं रबर आणि त्याच्या आतला चकचकीत पत्रा, मग हँडल फिरलं आणि मी उजवीकडे, म्हणजे चालत्या ट्रॅफिकच्या बाजूला पडले. मागून येणाऱ्या ऑटोवाल्या भाऊंनी कचकन ब्रेक मारला म्हणून आज हे पत्र लिहितेय. ऑटोचं पुढचं चाक माझ्या डब्याच्या पिशवीवर येऊन थांबलं होतं. डावं मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. दार उघडणारा माणूस वाईट नव्हता हो, घाबरून गेला होता, पाणी दिलं, दवाखान्यात सोडलं, पण वाटभर हेच म्हणत होता की मैंने तो देखा ही नहीं. खरंच होतं ते. त्याने बघितलंच नव्हतं.

म्हणून एक छोटी गोष्ट सांगते, पैसे लागत नाहीत आणि आजपासून करता येते. गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले असाल तर दार उजव्या हाताने उघडू नका, डाव्या हाताने उघडा. करून बघा, डावा हात उजव्या दारापर्यंत न्यायचा तर अंग आपोआप वळतं, मान मागे फिरते आणि मागून येणारी सायकल दिसते. मागे डावीकडे बसला असाल तर उजव्या हाताने. म्हणजे दाराकडचा हात नाही, दुसरा. हॉलंडमध्ये मुळात अशीच सवय लावतात आणि इंग्रजीत या पद्धतीला त्यांच्यावरूनच 'डच रीच' असं नाव पडलंय.

तर त्या प्लास्टरनंतर मी उभ्या गाड्यांपासून एक मीटर सोडून चालवते, म्हणजे पूर्ण दार उघडलं तरी मला लागणार नाही इतकं. आणि जिथे रस्ता इतका अरुंद होतो की गाडीला मला सुरक्षित अंतर ठेवून पुढे जाताच येणार नाही तिथे मी मुद्दाम लेनच्या मध्ये येते. लोकांना याचाच राग येतो. पण मी कडेला सरकले की मागच्याला वाटतं जागा आहे, तो त्या फटीत घुसतो, आणि जागा तर नसतेच. पुढे रस्ता रुंद झाला की मी स्वतःच डावीकडे होते आणि हात करून मागच्याला जायला सांगते. वीस-तीस सेकंदांचा प्रश्न असतो. जर्मनीत २०२० पासून नियमच आहे की गावात सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर ठेवायचं आणि गावाबाहेर दोन मीटर. आपल्याकडे निदान एक मीटर तरी सोडा, तेवढा रस्ता नसेल तर थोडं थांबा, एवढंच मागतेय.

आता रागावलेल्या ड्रायव्हरचं काय करायचं, तर पहिल्या वर्षी मी उलट ओरडायचे. एकदा बाइकवरच्या दोन मुलांनी कट मारला, मी काहीतरी बोलले, तर ते पुढे जाऊन चक्क थांबून राहिले माझी वाट बघत. मी एका मेडिकलच्या दुकानात शिरले आणि ते जाईपर्यंत बाहेर आले नाही, हातपाय थरथरत होते. तेव्हापासून तोंडाने काही बोलत नाही. मागून कोणी चिकटला की वळून सरळ त्याच्या चेहऱ्याकडे बघते, हात खाली करून तळवा दाखवते, हळू म्हणून, आणि दहातले आठ जण खरंच हळू होतात. मला वाटतं तोवर त्यांना फक्त सायकल दिसत असते, चेहरा दिसला की माणूस दिसतो. बाकीचे दोन असतात त्यांच्यासाठी मी उतरते, सायकल बाजूला घेते, जाऊ देते. गाडीचा नंबर, वेळ आणि जागा तिथेच मोबाइलवर टाइप करून ठेवते. फारच धोक्याचं असेल तर ११२ आहे. चौराह्यावर बस किंवा ट्रकच्या डाव्या कुशीत कधी उभी राहत नाही, कारण त्या ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही आणि तो डावीकडे वळला की मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात.

आणि हे नुसते मॅनर्स नाहीत, कायदा आहे. २०१९ मध्ये मोटर वाहन कायद्यात बदल झाला, त्याच्या कलम १८४ मध्ये सिग्नल तोडणं, चालवताना हातात मोबाइल, नियमाविरुद्ध ओव्हरटेक आणि ट्रॅफिकच्या उलट्या दिशेने येणं हे सगळं धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून स्पष्ट लिहिलंय. लोकांचा जीव धोक्यात येईल अशी बेदरकार गाडी चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्येही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या मध्य प्रदेशात २०२२ या एका वर्षात ५४ हजारांच्या वर रस्ते अपघात झाले आणि १३ हजारांच्या वर माणसं गेली. अपघातांच्या संख्येत तमिळनाडूच्या नंतर आपणच. गाडीचा वेग ३० वरून ६० झाला की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो, आणि सायकलवाल्याच्या अंगावर ना पत्रा असतो ना एअरबॅग.

मला अजून एक गोष्ट फार लागते. माझ्यावर लोक ओरडतात तरी, मैडम म्हणून का होईना. माझ्या पुढे-मागे सकाळी जे सायकलवर असतात, रात्रपाळी करून घरी निघालेले सोसायट्यांचे गार्ड, डबा बांधलेले बांधकामावरचे मजूर, त्यांना कोणी बोलतही नाही, सरळ ढकलल्यासारखं दाबत नेतात आणि ते बिचारे सवयीने नालीकडे सरकतात. माझे बाबा मिलमध्ये होते, ते सांगायचे की भोंगा झाला की मालवा मिलच्या रस्त्यावर सायकलीच सायकली, मोटारवालाच मागे थांबायचा. हे याच शहरातलं आहे. त्या गार्डला मंगळवारच्या गाडीचा आरसा लागला असता तर त्याने कोणाला पत्र लिहिलं असतं?

आता एबी रोडचं. बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेलिंग लावून फक्त बससाठी राखलेला मार्ग, २०१३ ला सुरू झाला, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, जवळपास साडेअकरा किलोमीटर, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने तो काढायला सांगितलं. रेलिंग निघाल्यावर जी जागा मिळते ती सगळीच्या सगळी गाड्यांना देऊ नका, ही नगर निगमला कळकळीची विनंती. नुसता रंगाचा पट्टा नको, त्यावर दुसऱ्या दिवशी गाड्या उभ्या राहतात. थोडी उंच कड असलेली, सायकल आरामात जाईल अशी पट्टी हवी, आणि चौराह्यावर ती मधेच गायब व्हायला नको, कारण सगळ्यात जास्त गरज तिथेच असते. ट्रॅफिक पोलिसांनी सकाळी नऊ ते दहा फक्त रॉंग साइडवाल्यांचं चालान केलं तरी माझ्यासारख्यांचा अर्धा रस्ता सोपा होईल.

आणि संपादकसाहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. मुलांसाठी काही छापाल तेव्हा त्यात ते दाराचं, डाव्या हाताचं, एका चित्रासकट छापाल का? ओला कचरा-सुका कचरा वेगळा करायला आमच्या घरी कोणी शिकवलं असेल तर माझ्या मुलाने, तेव्हा तो तिसरीत होता, आजोबांच्या हातातून केळ्याची सालं काढून घेऊन हिरव्या डब्यात टाकायचा. मंगळवारच्या गाडीतही मागे एक मुलगी बसलेली होती, ती सगळा वेळ माझ्याकडेच बघत होती.

आपली,
रोज सायकलने जाणारी एक वाचक,
राजेंद्र नगर, इंदूर