सई, गाडी जेम्स चेनी चालवत होता

प्रिय सई,

तुझा मेसेज वाचला, मिसिसिपी बर्निंग बघितला, एफबीआयवाल्यांनी काय धुतलंय एकेकाला, शेवटी बरं वाटलं. मिसिसिपी राज्यात १९६४ मध्ये झालेल्या तीन कार्यकर्त्यांच्या खऱ्या खुनांवरचा हा पिक्चर चांगलाच आहे गं. जीन हॅकमनसाठी तर मी कधीही परत बघेन, आणि ती डेप्युटीची बायको, फ्रान्सिस मॅकडॉर्मंड, तिचा चेहरा बघून पोटात कालवतं. कॅमेऱ्याला ऑस्कर मिळालं तेही उगाच नाही. पण तुला शेवटी जे बरं वाटलं ना, त्याबद्दल बोलायचंय, फोनवर तू घाईत असतेस म्हणून लिहितेय, सावकाश वाच.

सुरुवातीचा सीन आठव. रात्रीचा रस्ता, गाडीत तीन पोरं, मागे लागलेल्या गाड्या. पिक्चरमध्ये गाडी गोरा मुलगा चालवतोय आणि काळा मुलगा मागच्या सीटवर घाबरून बसलाय. खरं तर त्या दिवशी स्टीअरिंगवर काळाच मुलगा होता, जेम्स चेनी, २१ वर्षांचा, तिथलाच, मेरिडियन गावचा. मायकेल श्वर्नर २४ चा आणि अँड्र्यू गुडमन अवघा २० चा, दोघं न्यूयॉर्ककडचे ज्यू. रस्ते चेनीला माहीत, माणसं चेनीला माहीत, आणि पकडला गेला तर सगळ्यात वाईट त्याचं होणार हेही त्याला माहीत, तरी गाडी तो चालवत होता. पिक्चरने त्यालाच उचलून मागे बसवलं, आणि मग पुढचे दोन तास काळी माणसं मारच खात राहतात, चर्च जळताना बघत राहतात, आणि लढतात ते दोन गोरे एजंट. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा यांनी तेव्हाच यावर टीका केली होती, आणि ती मला शंभर टक्के पटते.

झालं काय होतं ते सांगते. १९६४ च्या उन्हाळ्यात काळ्या लोकांची मतदार म्हणून नोंदणी करायला कॉलेजची शेकडो मुलं मिसिसिपीत जात होती. लाँगडेलचं माउंट झायन चर्च क्लॅनवाल्यांनी (कू क्लक्स क्लॅन, गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी मारझोड करणारी गुप्त संघटना) जाळलं, तिथे फ्रीडम स्कूल, म्हणजे काळ्या लोकांसाठी चळवळीची शाळा, भरणार होतं म्हणून, आणि याच मोहिमेतले हे तिघं २१ जूनला ते बघायला गेले. परतताना फिलाडेल्फिया गावाजवळ (मिसिसिपीतलं, तुला माहीत असलेलं ते मोठं शहर नव्हे) डेप्युटी शेरीफ सेसिल प्राइसने स्पीडिंगच्या नावाखाली धरलं, कोठडीत टाकलं, आणि रात्री साडेदहाच्या सुमारास सोडून दिलं. तोपर्यंत क्लॅनची माणसं जमलेली होती. प्राइसनेच पाठलाग करून त्यांना परत पकडलं आणि त्या टोळीच्या हवाली केलं, म्हणजे वर्दीतलाच माणूस. प्रेतं सापडली ४४ दिवसांनी, ४ ऑगस्टला, एका शेतातल्या मातीच्या बांधाखाली.

श्वर्नरची बायको रिटा तेव्हाच पत्रकारांना म्हणाली होती की नुसता चेनी गायब झाला असता तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. आणि खरंच, शोध चालू असताना जुलैत नदीत दोन काळ्या मुलांची प्रेतं सापडली, हेन्री डी आणि चार्ल्स मूर, दोघंही १९ चे, पण "आपल्या" केसमधली नाहीत म्हटल्यावर पेपरवाले पुढे गेले. त्यांच्या केसमध्ये शिक्षा झाली थेट २००७ साली. हा भाग वाचला तेव्हा मला खूप राग आला होता, अजून येतो.

आता तुझे एफबीआयवाले. मेयरला उचलून आणून ब्लेड दाखवणारा सीन पटकथेतला, प्रत्यक्षात माहिती मिळाली ती खबऱ्यांकडून, पैसे मोजून. आणि ज्या हूवरची, एफबीआयच्या प्रमुखाची, ही माणसं, त्यानेच त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये किंगना जाहीरपणे देशातला सगळ्यात कुप्रसिद्ध खोटारडा म्हटलं, त्यांच्यावर पाळत ठेवली, आणि त्याच महिन्यात एफबीआयमधूनच किंगना एक निनावी धमकीचं पत्र गेलं. हे पिक्चरमध्ये कुठेय?

शेवटी पडद्यावर एकेकाचं नाव आणि शिक्षा येते, तिथेच तुला बरं वाटलं असणार. पण त्या शिक्षा खुनाच्या नाहीत. मिसिसिपी राज्याने खुनाचा खटलाच भरला नाही, म्हणून केंद्राने नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा भरला, १९६७ मध्ये १८ आरोपी उभे राहिले, ७ दोषी ठरले, ३ ते १० वर्षांची शिक्षा आणि पुरी १० वर्षं कुणीच काढली नाहीत. सगळं जमवून आणणारा क्लॅनचा एडगर रे किलन, जो धर्मोपदेशकही होता, तो तर सुटलाच, कारण ज्युरीतली एक बाई म्हणाली मी धर्मोपदेशकाला दोषी ठरवू शकत नाही. मग तो तिथेच राहिला, चारचौघांसारखा, जवळजवळ ४० वर्षं. मरणाऱ्यांच्या घरच्यांनी, गावातल्या काही गोऱ्या-काळ्या लोकांनी आणि जेरी मिचेल नावाच्या पत्रकाराने विषय मरू दिला नाही म्हणून २००५ मध्ये तो कोर्टात आला, २१ जूनलाच दोषी ठरला, तोही सदोष मनुष्यवधासाठी, ६० वर्षांची शिक्षा झाली आणि २०१८ मध्ये जेलमध्येच मेला.

त्या खटल्यात चेनीची आई साक्षीला आली होती, फॅनी ली, ऐंशी ओलांडलेली. मुलगा गेल्यावर तिला धमक्या आल्या, काम मिळेना, शेवटी बाकीच्या मुलांना घेऊन न्यूयॉर्कला निघून गेली, आणि तरी ४१ वर्षांनी त्या फिलाडेल्फियाच्या कोर्टात येऊन बसली. मला तर वाटतं पिक्चर काढायचा तर हिच्यावर काढायला हवा होता.

आणि हे आपल्यापासून लांबचं आहे असं समजू नको. १९६५ च्या आधी भारताच्या कोट्यातून अमेरिकेत वर्षाला शंभरेक माणसांनाच कायमचं राहायला जाता यायचं. १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा आला, १९६५ ला मतदानाचा, आणि त्याच लाटेत त्याच वर्षी इमिग्रेशनचा कायदा बदलून देशांप्रमाणे ठरलेले ते कोटे गेले. तू ज्या मराठी मंडळाच्या गणपतीला जातेस त्यातले जुने काका-काकू त्या दारातून आत आलेत. त्यांना विचार एकदा, किती जणांना माहितीये बघ.

तुझ्या अटलांटाहून आय-२० हायवेने पश्चिमेला गेलं की अलाबामा ओलांडून मेरिडियन लागतं. तिथे चेनीचं थडगं आहे, इतक्या वेळा तोडफोड झाली की आता दगडाला मागून लोखंडाचे टेकू लावलेत. लाँग वीकेंडला मैत्रिणींना घेऊन जा, एकटी नको. त्याआधी पिक्चर परत बघ आणि काळ्या माणसांना किती वाक्यं दिलीत ते मोजून ठेव, रविवारी मला सांग.

तुझी,
आई