अण्णा, पुण्याची तपासणी ठरवली आहे

ती. अण्णा आणि ती. आईस,
सा. न.

अण्णा, रागवा हवं तर, पण हृदयातली सूज दाखवणाऱ्या पेट स्कॅनची तारीख मी घेऊन टाकली आहे. सोयाबीनची रास झाली, हरभरा पेरला, म्हशींचं काका बघतो म्हणालेत. पेसमेकर बसल्यापासून चक्कर नाही, मग पुणं कशाला, हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण ते यंत्र ठोके सांभाळतं, ठोके का मंदावले ते सांगत नाही. अँजिओग्राफी स्वच्छ, वय साठीच्या आत आणि सीटीत छातीतल्या गाठी सुजलेल्या. अशा वेळी डॉक्टर सारकॉइडोसिसचा, म्हणजे अंगात ठिकठिकाणी सुजेच्या गाठी करणाऱ्या आजाराचा, संशय धरतात. त्याची सूज हृदयात उतरली की ठोक्यांची वाट अडते. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आला तरी हा आजार आत असू शकतो. आजार वेळेत सापडला तर औषध आहे, म्हणून ही घाई.

मामा म्हणतात टीबीच्या गोळ्या सुरू करा. टीबीतही अशाच गाठी होतात, म्हणूनच आधी बायोप्सी. सारकॉइडोसिसवर स्टेरॉइड देतात, आणि आत टीबी असला तर तेच स्टेरॉइड त्याला भडकवतं. गुंगी देऊन तोंडावाटे दुर्बीण घालतील, छातीतल्या गाठीचा नमुना घेतील. हृदयाला हातही लावणार नाहीत.

आई, खरं काम तुझ्याकडे. स्कॅनच्या आदल्या दिवशी भाकरी, भात, वरण, फळं, दूध, साखर काही नाही. हृदय त्या दिवशी तुपावर चाललं पाहिजे, तरच सुईतून दिलेली साखर सुजलेल्या जागी उठून दिसते. अण्णा माळकरी, अंडी-मटण नाही, तेव्हा मी तुपात पनीर परतून देईन. चहा काळा, बिनसाखरेचा. रात्रीपासून फक्त पाणी. एकादशी समजून भगर-साबुदाणा पुढे करशील, आधीच सांगते!

खोली तळमजल्यावरची आहे, पायऱ्या नाहीत, कमोड आहे. पहाटे हरिपाठ म्हणा, कुणी काही म्हणणार नाही. तपासणी झाली की गावाकडच्याच ज्वारीची भाकरी करीन.

येळवशीला, वेळ अमावास्येच्या सणाला, शेताच्या वाटेवर पाय दुखतात म्हणून मी रडायचे. खोटं आहे हे ओळखूनही तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात. अण्णा, एवढं एक माझं ऐका.

जुने ईसीजी, सीटीची सीडी, पेसमेकरचं कार्ड, सगळं एका पिशवीत भरा. आणि त्याआधी धडधड वाढली किंवा डोळ्यापुढं अंधारी आली तर माझ्या फोनची वाट न बघता थेट लातूर गाठायचं. आई, अण्णा नको म्हणाले तरी.

तुमची,
माया