घाऊक औषधविक्रीचा परवाना बिलात दिसला पाहिजे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधामुळे बालके दगावल्याच्या बातम्या आल्या आणि पाठोपाठ आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘कोल्ड्रिफ’ या सिरपच्या एसआर-१३ या बॅचची विक्री व वापर ताबडतोब थांबवण्याची सूचना काढली. तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने तपासलेल्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले होते. मी नाशिकच्या सिडको भागात गेली अठ्ठावीस वर्षे औषधाचे दुकान चालवते. सूचना वाचली त्या रात्री गिऱ्हाईक आवरल्यावर मी आणि माझ्या मदतनीस मुलीने खोकल्याच्या औषधांचे कपाट रिकामे केले आणि एकेक बाटली खरेदीच्या बिलाशी ताडून पाहिली. ती बॅच आमच्याकडे नव्हती आणि ते औषधही नव्हते. मात्र दुसऱ्याच एका कंपनीच्या, ज्याविषयी कसलीही तक्रार नव्हती अशा औषधाच्या बारा बाटल्यांवर जी बॅच छापलेली होती, ती बिलावर नव्हती. बिलावर वेगळीच बॅच आणि वेगळीच मुदत होती. घाऊक विक्रेत्याकडे फोन केला तेव्हा, ‘मॅडम, माल तोच आहे, कॉम्प्युटरमध्ये जुनी बॅच शिल्लक दाखवत होती म्हणून तिच्यावर बिल फाडलं,’ असे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्याच्या आवाजात संकोच नव्हता, म्हणजे त्याला यात काही चुकले आहे असे वाटतच नव्हते. त्या रात्रीपासून जी गोष्ट मनात घोळते आहे, ती आपल्या पत्राद्वारे वाचकांपुढे आणि प्रशासनापुढे मांडू इच्छिते.

त्या बारा बाटल्या निर्दोष होत्या, हा योग. त्याच घाऊक विक्रेत्याच्या गोदामातून उद्या एखादी सदोष बॅच बाहेर पडली, तर ती कोणाकोणाला गेली हे शोधायला प्रशासनाकडे त्याच्या विक्रीबिलांखेरीज दुसरे साधन नाही, आणि बिलावरची बॅच खोटी असेल तर निरीक्षक ज्या दुकानात जाईल तिथे ते औषध सापडणार नाही. जिथे ते औषध खरोखर आहे तिथे कोणी जाणारच नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालील नियम १९४५ चे. घाऊक विक्रीसाठी नमुना २०-ब आणि २१-ब असे दोन परवाने लागतात. लसी, इन्सुलिन, इंजेक्शने अशी, नियमांना जोडलेल्या शेड्यूल सी आणि सी-१ या याद्यांमधली औषधे दुसऱ्यात येतात, आणि शेड्यूल एक्समधल्या औषधांसाठी आणखी वेगळा परवाना असतो. हे परवाने राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. जागा किमान १० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०७ चौरस फूट हवी. औषधे योग्य तापमानाला ठेवण्याची सोय हवी. आणि विक्रीवर देखरेख करणारी एक सक्षम व्यक्ती हवी: ती नोंदणीकृत फार्मासिस्ट असावी, किंवा पदवीधर असून औषधांच्या कामाचा एक वर्षाचा अनुभव असलेली, किंवा मॅट्रिक झालेली आणि औषधविक्रीचा चार वर्षांचा अनुभव असलेली असावी. परवान्याचे शुल्क प्रत्येकी १,५०० रुपये आहे. पात्रतेची पायरी इतकी बुटकी असावी का, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे आणि माझे मत ती उंच करावी असेच आहे. पण आहेत तेवढ्या अटीसुद्धा प्रत्यक्षात पाळल्या गेल्या, तर निम्मी काळजी मिटेल.

परवान्याचा खरा गाभा नियम ६५ मध्ये आहे. घाऊक विक्रेत्याने प्रत्येक विक्रीचे रोख किंवा उधारीचे बिल द्यायचे, त्यावर तारीख, घेणाऱ्याचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक, औषधाचे नाव, नग, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव लिहायचे, आणि बिलाची प्रत तीन वर्षे जपून ठेवायची. माल कोणाला द्यायचा हेही ठरलेले आहे: परवानाधारक विक्रेता, रुग्णालय किंवा तशी संस्था, शासनासाठी खरेदी करणारा अधिकारी, अथवा स्वतःच्या रुग्णांना औषध देणारा नोंदणीकृत डॉक्टर. या यादीत रुग्ण नाही, आणि रुग्णाचा नातेवाईकही नाही. नाशिकच्या घाऊक औषधबाजारात, गोळे कॉलनीत जाऊन ‘होलसेल भावात’ महिन्याच्या गोळ्या मागणारी माणसे मी नेहमी पाहते. औषधांच्या किमती पाहता त्यांची ओढाताण मला कळते आणि त्यांना मी दोष देत नाही. परंतु घाऊक दुकानातून असा बिलाविना निघालेला प्रत्येक डबा कुठल्या तरी दुसऱ्या बिलावर दाखवावा लागतो, आणि बॅचची खोटी नोंद तिथूनच सुरू होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

किरकोळ विक्रेत्यांनाही मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण आपल्यापैकी अनेकजण ती विसरतात. कायद्याचे कलम १९(३) असे की, उत्पादक नसलेल्या विक्रेत्याने माल रीतसर परवानाधारकाकडून घेतला असेल, वाजवी काळजी घेऊनही त्यातला दोष त्याला कळण्यासारखा नसेल आणि त्याने तो माल नीट सांभाळला असेल, तर कमअस्सल मालाबद्दल तो दोषी ठरत नाही. हे आपले एकमेव चिलखत आहे. मोटारसायकलवर पिशवी लावून येणारा, छापील किमतीच्या निम्म्याला पट्ट्या देणारा आणि ‘बिल मागाहून व्हॉट्सॲपवर पाठवतो’ म्हणणारा माणूस आपल्याकडून ते चिलखत काढून घेत असतो. शंभर रुपयांच्या स्कीमसाठी, म्हणजे जादा सवलतीसाठी, ते द्यावे का, हे ज्याने त्याने ठरवावे. मी त्या पिशवीला दुकानाची पायरी चढू देत नाही.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले निघाले आणि चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि पुरवठादार, रुग्णालय व औषध प्रशासन या साऱ्यांचेच वाभाडे निघाले. तेव्हा मी शाळेत होते. पुढे फार्मसीच्या वर्गात आमच्या सरांनी ती हकीकत सांगितली तेव्हा वर्गात कोणी हालले नव्हते. अलीकडे नागपूर भागातील शासकीय रुग्णालयांना पुरवलेल्या सिप्रोफ्लोक्सासिनच्या गोळ्यांमध्ये ते प्रतिजैविकच नव्हते असे प्रयोगशाळेत आढळले. शासकीय रुग्णालयापर्यंत अशी गोळी पोहोचते तेव्हा ती वाटेत कुठल्या ना कुठल्या घाऊक विक्रेत्याच्या बिलावरून गेलेली असते.

आपल्या जिल्ह्यात याची दुसरी बाजूही दिसते. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ या नावाने नशेसाठी विकल्या जाणाऱ्या अल्प्राझोलम या चिंताविकारावरील औषधाच्या गोळ्यांविरुद्ध पोलिसांना वेळोवेळी कारवाई करावी लागली आहे. अशा जप्तीत सापडते ते पुष्कळदा कारखान्यात रीतसर तयार झालेले, बॅच आणि मुदत छापलेले औषधच असते. चिठ्ठीशिवाय न देण्याचे, शेड्यूल एच-१ च्या वहीत किरकोळ विक्रेत्याने नोंदवायचे हे औषध गल्लीतल्या पोराच्या खिशात जाते, म्हणजे कारखाना आणि किरकोळ दुकान यांच्या मध्ये कुठेतरी बिलाची साखळी तुटलेली असते. पोलीस साखळीच्या शेवटच्या माणसाला पकडतात. मधली कडी शोधण्याचे काम परवाना देणाऱ्या यंत्रणेचे आहे आणि त्या पट्टीवरचा बॅच क्रमांक हा तिचा हक्काचा धागा आहे, तो पकडून मागे मागे जायला हवे.

पूर्वी परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागे. २०१७ च्या दुरुस्तीपासून परवाना कायम राहतो आणि पाच वर्षांनी फक्त शुल्क भरायचे असते. नूतनीकरणासाठी मारायला लागणारे हेलपाटे वाचले, हे चांगलेच झाले. त्या हेलपाट्यांत काय काय होत असे ते धंद्यातल्या माणसांना सांगायला नको. मात्र त्या निमित्ताने पाच वर्षांतून एकदा जागा, फ्रीज आणि सक्षम व्यक्ती पाहिली जात असे, ती जबाबदारी आता पूर्णपणे निरीक्षकांच्या भेटींवर येऊन पडली आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीच्या २००३ च्या अहवालात विक्रीच्या २०० परवान्यांमागे एक निरीक्षक हे प्रमाण मांडलेले आहे. नाशिक विभागात नाशिकबरोबर धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर हे जिल्हे येतात. सुरगाण्यापासून अक्कलकुव्यापर्यंतची दुकाने या प्रमाणात तपासायची तर किती माणसे लागतील, याचा हिशेब शासनाने जनतेसमोर ठेवावा आणि रिकाम्या जागा भराव्यात.

निरीक्षक आल्यावर त्यांनी काय पाहावे, याबद्दलही थोडे. भिंतीवरचा परवाना, अग्निशामक नळकांडे आणि फ्रीजचा थर्मामीटर पाहून भेट संपू नये. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि दोन ते आठ अंशांत ठेवायचे इन्सुलिन दुपारी टेम्पोतून मनमाड किंवा नांदगावला निघते तेव्हा त्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या आहेत का, हे गोदामात बसून कळत नाही. घाऊक विक्रेत्याची गेल्या महिन्यातली दहा बिले घ्यावीत, त्यांवरची दुकाने गाठावीत आणि फळीवरच्या बाटल्या बिलाशी जुळतात का ते पाहावे. अशी उलट तपासणी एका दिवसात होते. ज्यांचे काम चोख आहे त्या घाऊक विक्रेत्यांना, आणि नाशकात ते पुष्कळ आहेत, या तपासणीचे भय वाटण्याचे कारण नाही. अव्यवस्थित धंदा करणाऱ्याच्या स्कीमशी टक्कर देताना आज त्यांचीच जास्त ओढाताण होते.

दुसरी मागणी परवान्यांच्या माहितीची. अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या घाऊक विक्रेत्याला राज्याचा परवाना सक्तीचा करणारा केंद्रीय कायदा १९८८ साली झाला. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर परवान्यासाठी एक लाख डॉलरपर्यंतची हमी द्यावी लागते. २०१३ च्या कायद्याने व्यवहाराच्या नोंदी सहा वर्षे ठेवणे, संशयित माल बाजूला काढणे आणि फक्त अधिकृत विक्रेत्याशीच व्यवहार करणे बंधनकारक केले. घाऊक विक्रेत्यांना आपल्या परवान्यांची माहिती दरवर्षी तिथल्या केंद्रीय औषध प्रशासनाला कळवावी लागते आणि ती यादी कोणालाही पाहता येते. त्यांचे सगळे आपल्याला जमेल किंवा जमावे असे मी म्हणत नाही, परंतु यादीची गोष्ट सहज जमण्यासारखी आहे. माझ्या हातातल्या बिलावरचा २०-ब आणि २१-ब क्रमांक आज चालू आहे, निलंबित आहे की रद्द झाला आहे, कोणत्या पत्त्याचा आहे आणि सक्षम व्यक्ती म्हणून कोणाची नोंद आहे, हे मला मोबाईलवर क्रमांक टाकताच दिसले पाहिजे. निलंबनाच्या काळात दुसऱ्याच नावाने बिल फाडण्याची वाटही त्याने बरीचशी बंद होईल. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे उत्पादकांना सक्तीचे आहे आणि त्यात बॅच व मुदत असते. तोच कोड घाऊक विक्रेत्याने बिल करताना स्कॅन केला, तर ‘कॉम्प्युटरमध्ये जुनी बॅच दाखवत होती’ हे उत्तर देण्याची वेळच येणार नाही.

आणि हे सारे आत्ताच लिहिण्याचे कारण सिंहस्थ आहे. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला ताप, जुलाब, निर्जलीकरण, जखमा यांवरची औषधे आणि सलाईन मोठ्या प्रमाणात आणावे लागेल, आणि घाईच्या खरेदीत सगळ्यात कमी दराकडे डोळे लागतात. रस्ते, घाट आणि पाणी यांच्या बैठकांची वृत्ते आपल्या पत्रात येतात. औषधखरेदीच्या अटींचे वृत्तही यावे अशी माझी विनंती आहे. पुरवठादाराने केवळ स्वतःचा परवाना जोडणे पुरेसे मानू नये, तर प्रत्येक बॅचसाठी उत्पादकापासून त्याच्यापर्यंतची सर्व बिले सादर करावीत आणि माल उतरवताना बॅच जुळवून पाहिल्याखेरीज पावतीवर सही होऊ नये, अशी अट निविदेतच असावी.

त्या बारा बाटल्या मी विकल्या नाहीत. परत पाठवल्या आणि दुरुस्त बिल मागितले. ते अकरा दिवसांनी आले. पहिले बिल आणि दुसरे बिल, दोन्ही मी एकत्र फाइलला लावून ठेवली आहेत, आणि प्रशासनातील कोणी अधिकारी पाहू इच्छीत असतील तर दुकानात केव्हाही दाखवीन.

आपली विश्वासू,
एक औषध विक्रेती,
सिडको, नाशिक